वीस तासांचा नियम

मास्टर्स करत असताना मी खेळाडूंना स्टॅटिस्टिक्स शिकवायचे. मिडवेस्टमधलं एक मोठं सरकारी विद्यापीठ. फुटबॉलचं वेड इतकं, की शनिवारी सामना असला की सगळं शहर स्टेडियमच्या दिशेने चालायला लागायचं. (हा फुटबॉल म्हणजे हेल्मेट घालून एकमेकांवर धडकायचा अमेरिकन खेळ. पायाने खेळतात तो इथे सॉकर.) आई फोनवर विचारायची, "खेळणाऱ्या पोरांना शिकवतेस म्हणजे नक्की काय करतेस? पीटीची बाई झालीस का?" मी सांगायचे, अगं नाही, ती खेळून दमून आली की मी त्यांना स्टँडर्ड डेव्हिएशन शिकवते. त्यावर ती म्हणायची, "बिचारी."

बिचारी वगैरे कुणाला वाटत नसे. खेळाडूंच्या अभ्यासासाठी वेगळी इमारत होती. काचेच्या भिंती, दारावर देणगीदाराचं भलंमोठं नाव, आत गुबगुबीत खुर्च्या आणि शिकवायला आमच्यासारखे लोक. माझं स्वतःचं डिपार्टमेंट एका जुनाट इमारतीच्या तळघरात. तिथे या मुलांचा उल्लेख 'लाडावलेली पोरं' असाच व्हायचा. फुकट शिक्षण, फुकट जेवण, वर आणखी काय पाहिजे?

पहिल्याच आठवड्यात कंप्लायन्सच्या, म्हणजे नियम पाळले जातात का हे बघणाऱ्या, ऑफिसने आम्हाला बसवून नियम समजावले. खेळाडूला गाडीतून सोडायचं नाही. कॉफी पाजायची नाही. वाढदिवसाला काही द्यायचं नाही. इतर विद्यार्थ्यांना जे मिळत नाही ते खेळाडूला मिळालं तर तो 'जादा लाभ', आणि त्यापायी त्याचा खेळ बंद होऊ शकतो. खाण्याचे नियम तर अफाट होते. कॉलेजने मुलांना नाश्त्याला फळं, सुकामेवा आणि बेगल (मधे भोक असलेला गोल पाव) दिलेले चालत. त्या बेगलवर क्रीम चीज फासलं की ते 'जेवण' होई आणि नियमात बसत नसे. हे मी रचून सांगत नाहीये. एनसीएए या कॉलेज खेळांच्या संस्थेच्या नियमावलीत खरंच असं होतं. पुढे २०१४मध्ये कनेक्टिकट विद्यापीठाचा बास्केटबॉलपटू शबाझ नेपियर पत्रकारांसमोर बोलून गेला, की काही रात्री मी उपाशी झोपतो. त्याचा संघ त्याच दिवसांत राष्ट्रीय विजेता झाला. काही दिवसांत एनसीएएने जेवणावरची मर्यादा उठवली. म्हणजे ती कधीही उठवता आली असती.

एनसीएए ही इथल्या कॉलेज खेळांची मुख्य संस्था. १९०५च्या हंगामात फुटबॉल खेळताना बरीच मुलं मेली, अध्यक्ष थिओडोर रूझवेल्टांनी कॉलेजवाल्यांना बोलावून घेतलं, आणि १९०६ साली ही संस्था उभी राहिली. मुळात खेळाडूंना वाचवण्यासाठी. पुढे तिचा बराचसा वेळ त्यांना कुणी पैसे तर देत नाही ना, हे बघण्यात गेला.

आता वीस तासांचं. माझ्या एफ-१ (विद्यार्थ्यांच्या) व्हिसावर सत्र चालू असताना आठवड्याला वीस तासांपर्यंतच काम करता यायचं, तेही कॅम्पसवर. खेळाडूंनाही एनसीएएचा वीस तासांचा नियम होता: हंगामात दिवसाला चार, आठवड्याला वीस तास सराव. माझे तास एक सॉफ्टवेअर मोजायचं. वेळ थोडी जरी वर गेली तरी ऑफिसातून ईमेल यायचा. त्यांचे तास मोजण्याची तऱ्हा वेगळी. सामन्याचा दिवस कितीही लांबला तरी तो तीन तासांचा धरायचा. प्रवास धरायचा नाही. गुडघ्याला बर्फ लावून ट्रेनरच्या टेबलावर पडून राहाल तो वेळ धरायचा नाही. 'स्वेच्छेने' केलेला व्यायाम धरायचा नाही. स्वेच्छेने केला नाही तर कोच नाव लक्षात ठेवायचा, हा भाग नियमावलीत नव्हता.

माझ्याकडे एक मुलगा यायचा, ऑफेन्सिव्ह लाइनमध्ये खेळणारा. या लाइनमधल्या मुलांचं काम म्हणजे अंगाची भिंत करून चेंडू फेकणाऱ्या क्वार्टरबॅकला वाचवणं. टीव्हीवर त्यांची नावं सहसा चूक झाली तरच घेतली जातात. दारातून आत येताना वाकायचा आणि खुर्चीत बसला की खुर्ची दिसायची नाही. सरासरी आणि विचलन शिकवण्यासाठी मी प्रत्येकाला स्वतः काहीतरी मोजून आणायला सांगायचे. कुणी पावलं मोजायचं, कुणी झोप. याने फुटबॉलचे तास मोजून आणले. रोजचे, नीट तक्त्यात: वजनं, व्हिडिओ बघणं, मीटिंग, सराव, उपचार, बसचा प्रवास. आठवड्याची बेरीज चाळीसच्या वर गेलेली. त्याने हिस्टोग्राम (स्तंभांचा आलेख) काढला, सुरेख काढला, आणि मग म्हणाला, "हे वर्गात जमा करताना दुसरा डेटा वापरू का? पावलं वगैरे?"

मी हो म्हटलं. कारण विचारलं नाही, आम्हा दोघांनाही ते ठाऊक होतं.

असा तक्ता नंतर सरकारदरबारीही निघाला. २०१४च्या सुरुवातीला नॉर्थवेस्टर्न विद्यापीठाचा क्वार्टरबॅक केन कोल्टर आणि त्याच्या सहकाऱ्यांनी युनियनसाठी अर्ज केला. राष्ट्रीय श्रम संबंध मंडळाच्या शिकागोच्या अधिकाऱ्याने साक्षी-पुरावे तपासून मार्चमध्ये निकाल दिला: ही मुलं हंगामात आठवड्याला चाळीस ते पन्नास तास फुटबॉलला देतात, ऑगस्टच्या शिबिरात तर पन्नास ते साठ, आणि कायद्याच्या दृष्टीने ती कर्मचारी आहेत. एप्रिलमध्ये मुलांनी मतदान केलं. विद्यापीठाने अपील केलं होतं म्हणून मतपत्रिका सीलबंद ठेवल्या गेल्या. २०१५च्या ऑगस्टमध्ये वरच्या मंडळाने 'या प्रकरणात आम्ही पडत नाही' असं म्हणून विषय बंद केला. ती मतं कधी मोजलीच गेली नाहीत. त्या मुलांनी होय म्हटलं होतं की नाही, हे आजही कुणाला माहीत नाही. संख्याशास्त्र शिकलेल्या माणसाला याहून जास्त छळणारी गोष्ट असेल असं मला वाटत नाही.

त्या लाइनमनच्या भरतीची गोष्ट मला तुकड्यातुकड्याने कळली. इथे भरती म्हणजे नुसती निवड नव्हे. कोच घरी येतो, स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसतो, आईच्या हातचं खाऊन तारीफ करतो आणि म्हणतो, तुमचा मुलगा माझा मुलगा. समोर सतरा वर्षांचा पोरगा आणि त्याची आई. याच्या घरातून कॉलेजात गेलेलं तोवर कुणी नव्हतं. आईने विचारलेला प्रश्न एकच: तो पदवी घेऊन बाहेर पडेल ना? कोच म्हणाला, माझा शब्द आहे.

मग मुलाने 'नॅशनल लेटर ऑफ इंटेंट' नावाचा कागद सही केला. त्या कागदाने मुलगा कॉलेजला बांधला जायचा, कोच नाही. वर्ष संपायच्या आत कोच जास्त पगारावर दुसरीकडे गेला. मुलालाही जावंसं वाटलं. पण तेव्हाच्या नियमाने फुटबॉलमध्ये कॉलेज बदललं की एक अख्खा हंगाम बाहेर बसावं लागे. कुठल्या कॉलेजांशी तुम्ही बोलू शकता यावरही जुनं कॉलेज बंधन घालू शकत होतं. स्कॉलरशिप एका वर्षाची, दरवर्षी नव्याने मिळणारी. १९७३पासून तोच नियम होता. २०१२मध्ये अनेक वर्षांची स्कॉलरशिप द्यायला परवानगी मिळाली, सक्ती नव्हे. नवा कोच आला, त्याला वेगळ्या धाटणीचे खेळाडू हवे होते. तो 'शब्द' जुन्या कोचसोबत गेला.

कोच मंडळींवर माझा वैयक्तिक राग नाही. पण करार कसा असतो हे बघायचं तर त्यांचे बघावेत. टेक्सास ए अँड एम विद्यापीठाने २०२३च्या नोव्हेंबरमध्ये फुटबॉल कोच जिम्बो फिशरला काढलं, तेव्हा उरलेल्या कराराचे सुमारे ७.६ कोटी डॉलर त्याला देणं लागत होते. नापास झाल्याबद्दल. हा माणूस लबाड नव्हता. त्याच्याकडे चांगला वकील होता, एवढंच.

'शिक्षण हाच मोबदला' हे वाक्य मी त्या इमारतीत इतक्या वेळा ऐकलं की त्याचं स्टिकर करून दारावर लावायला हवं होतं. वाक्य खोटं नाही. माझ्या ओळखीच्या कितीतरी खेळाडूंनी चांगल्या पदव्या घेतल्या आणि डोक्यावर कर्ज न घेता बाहेर पडले. अमेरिकेत ही लहान गोष्ट नव्हे. पण मोबदला म्हणून जे देता ते घ्यायला वेळ तरी द्याल की नाही? लाइनमनला इंजिनिअरिंग करायचं होतं. तिथल्या लॅब दुपारी असायच्या, सरावही दुपारी. सल्लागाराने गोड बोलून दुसरा विषय सुचवला, जिथे वर्ग सकाळी असतात आणि संघातले बरेच जण आधीच असतात. नॉर्थ कॅरोलिना विद्यापीठात हीच वाट पार टोकाला गेली. १९९३ ते २०११ या काळात तिथे काही वर्ग निव्वळ कागदावर चालले. शिक्षक नाही, तास नाहीत, एक निबंध द्या आणि चांगले गुण घ्या. २०१४च्या चौकशी अहवालानुसार ३,१०० विद्यार्थ्यांनी ते घेतले आणि त्यातले जवळपास निम्मे खेळाडू होते. आता गंमत बघा. २०१७मध्ये एनसीएएने विद्यापीठाला या वर्गांबद्दल शिक्षा केली नाही, कारण हे वर्ग खेळाडूंखेरीज इतरांनाही खुले होते, म्हणजे 'जादा लाभ' ठरत नाही. क्रीम चीज मात्र ठरत होतं.

पैशाचा प्रश्न कोर्टातच सुटणार होता आणि तसंच झालं. लॉस एंजेलिसच्या यूसीएलए विद्यापीठाकडून १९९५चं बास्केटबॉलचं विजेतेपद जिंकलेला एड ओबॅनन एका मित्राकडे गेला असताना त्याला व्हिडिओ गेममध्ये स्वतःचाच पुतळा खेळताना दिसला. तीच उंची, तोच नंबर, तोच डावखुरा हात, फक्त नाव नाही. गेम विकत घ्यायला पैसे लागत होते, आणि ओबॅननला त्यातले शून्य मिळत होते. २००९मध्ये तो कोर्टात गेला आणि २०१४मध्ये न्यायाधीश क्लॉडिया विल्किन यांनी निकाल दिला, की एनसीएए मक्तेदारीविरोधी कायदा मोडते आहे. २०१९मध्ये कॅलिफोर्नियाने कायदा करून खेळाडूंना स्वतःच्या नावाचे पैसे घ्यायची वाट मोकळी केली. मग २१ जून २०२१ला एनसीएएविरुद्धच्या ऑल्स्टन खटल्यात सर्वोच्च न्यायालयाचा निकाल आला, नऊ विरुद्ध शून्य. त्या खटल्याचा विषय अरुंद होता, शिक्षणाशी निगडित लाभांपुरता. पण न्यायमूर्ती कॅव्हनॉ यांनी वेगळं मत लिहून बजावलं, की एनसीएए कायद्याच्या वर नाही. दहाच दिवसांनी, १ जुलै २०२१पासून, खेळाडूंना आपलं नाव, चेहरा आणि ओळख विकायला परवानगी मिळाली. याला इथे सगळे 'एनआयएल' म्हणतात.

म्हणजे जाहिरात करा, सह्या विका, यूट्यूब चालवा. २०१७मध्ये सेंट्रल फ्लोरिडा विद्यापीठाचा किकर (चेंडूला लाथ मारणारा खेळाडू) डोनाल्ड डी ला हे याच यूट्यूबपायी संघाबाहेर गेला होता. चार वर्षांनंतर जन्मला असता तर त्याच्या कोचनेच व्हिडिओ शेअर केला असता.

या सगळ्यात माझं लक्ष सारखं जातं ते परदेशी खेळाडूंकडे, आणि त्याचं कारण उघड आहे. टेनिस, पोहणं, गोल्फ, धावणं, बास्केटबॉल, सगळीकडे एफ-१वर आलेली मुलं असतात. एनआयएल सुरू झालं तेव्हा शेजारच्या लॉकरवाला गाड्यांच्या शोरूमची जाहिरात करून पैसे कमावू लागला आणि यांना ते करता येईना, कारण कॅम्पसबाहेर काम म्हणजे व्हिसाचा भंग. केंटकी विद्यापीठाचा बास्केटबॉलपटू ऑस्कर शिब्वे मूळचा काँगोचा. २०२२मध्ये तो देशातला सर्वोत्तम कॉलेज बास्केटबॉलपटू ठरला होता. त्याच उन्हाळ्यात केंटकीचा संघ बहामाला खेळायला गेला, आणि त्या दौऱ्यात शिब्वेने एनआयएलचं काम उरकून घेतलं. काम अमेरिकेच्या जमिनीवर झालं नाही, म्हणून चाललं. पर्ड्यू विद्यापीठाचा सात फूट चार इंचांचा बास्केटबॉलपटू झॅक इडी कॅनडाचा. त्याच्या अवतीभवती अख्खं पर्ड्यू पैसे कमावत होतं आणि त्याचे हात बांधलेले. शिब्वेची बातमी वाचून मी हसले आणि मग मला माझं ते तास मोजणारं सॉफ्टवेअर आठवलं. व्हिसावर असलेल्या माणसाला नियमाची भीती कशी असते, ते व्हिसावर राहिलेल्यालाच कळतं. चूक कॉलेजची असो की कंपनीची, विमानात आपल्यालाच बसावं लागतं. म्हणून ही मुलं 'बघू, काय होतं ते' असं म्हणत नाहीत. कॉलेजेही 'वकिलाला विचारा' यापलीकडे फारसं काही सांगत नाहीत.

६ जून २०२५ला त्याच न्यायाधीश विल्किन यांनी 'हाउस' तडजोड मंजूर केली. ॲरिझोना स्टेटचा जलतरणपटू ग्रँट हाउस याच्या नावाने चाललेला हा खटला. जुन्या खेळाडूंना २८० कोटी डॉलरच्या आसपास थकबाकी, दहा वर्षांत द्यायची. शिवाय १ जुलै २०२५पासून कॉलेजांना खेळाडूंना थेट पैसे देता येतात. पहिल्या वर्षी प्रत्येक कॉलेजला कमाल सुमारे २ कोटी ५ लाख डॉलर. एनआयएलचे ६०० डॉलर किंवा त्याहून मोठे करार एका नव्या यंत्रणेकडे तपासायला द्यायचे, म्हणजे जाहिरातीच्या नावाखाली भरतीचा मलिदा चालू नये.

माझ्या लाइनमनने विचारलं, मला फॉर्म भरता येईल का? तो आता एका हायस्कूलमध्ये कोच आहे, गुडघ्याची दोन ऑपरेशनं झालेला. मी अटी वाचल्या. थकबाकी २०१६च्या जूनपासून पुढे खेळलेल्यांना. दावा २०२०चा, कायद्याची मुदत चार वर्षं मागे जाते, त्यापलीकडचं सगळं माफ. तो त्याआधीच खेळून मोकळा झाला होता. कायदा म्हणून हे बरोबरच आहे, मुदत कुठेतरी संपणारच. पण ज्यांच्या काळात बेगल मोजले गेले, ते या हिशेबात नाहीत.

त्या थकबाकीची वाटणीही बघण्यासारखी आहे. सुमारे नव्वद टक्के रक्कम फुटबॉल आणि पुरुष बास्केटबॉलला, कारण टीव्हीचं उत्पन्न तिथून आलं. ऐकायला रास्त वाटतं. पण टीव्हीने बायकांच्या खेळाला किती पैसे दिले हे ठरवलं कुणी? वर्षानुवर्षं महिलांची बास्केटबॉल स्पर्धा एनसीएएने ईएसपीएन या क्रीडा वाहिनीला इतर अनेक स्पर्धांच्या गठ्ठ्यात विकली, सगळा गठ्ठा वर्षाला सुमारे ३.४ कोटी डॉलरला. २०२१मध्ये एनसीएएने नेमलेल्या वकिलांनीच अहवाल दिला, की एकट्या महिला स्पर्धेचे हक्क २०२५पर्यंत वर्षाला ८ कोटींहून अधिक डॉलरच्या घरात जातील. ही चौकशी झाली कशामुळे, तर ओरेगन विद्यापीठाच्या बास्केटबॉल संघातल्या सेडोना प्रिन्सने टिकटॉकवर व्हिडिओ टाकला म्हणून. पुरुषांच्या स्पर्धेत भलंमोठं जिम, महिलांच्या स्पर्धेत डंबेल्सचा एक छोटासा स्टँड. पुढे २०२४च्या अंतिम सामन्यात महिलांना पुरुषांपेक्षा जास्त प्रेक्षक मिळाले, १ कोटी ८० लाखांहून जास्त. म्हणजे आधी माल कवडीमोलाने विकायचा, आणि नंतर वाटणीच्या वेळी म्हणायचं, तुमच्या मालाला बाजारात भावच नव्हता. काही महिला खेळाडूंनी १९७२च्या टायटल नाइन (शिक्षणसंस्थांत स्त्री-पुरुष भेदभावाला बंदी करणाऱ्या) कायद्याचा आधार घेऊन अपील केलं, त्यात मला काहीच आश्चर्य वाटलं नाही.

दुसऱ्या बाजूचाही मुद्दा आहे आणि तो खोटा नाही. बहुतेक कॉलेजांचा क्रीडा विभाग नफ्यात नसतो. फुटबॉलच्या पैशावर रोइंग, कुस्ती, जिम्नॅस्टिक्स चालतं. हाउसच्या अटींनुसार संघात किती जण असावेत याला मर्यादा आली, फुटबॉलमध्ये १०५. स्कॉलरशिपशिवाय निव्वळ हौसेने खेळणाऱ्या मुलांना तडजोड मंजूर व्हायच्या आधीच कॉलेजांनी घरी पाठवायला सुरुवात केली. न्यायाधीश विल्किन अडून बसल्या की या मुलांची सोय करा, तेव्हा कुठे 'त्यांना मर्यादेत धरणार नाही' असा बदल झाला. परत घ्यायचं की नाही हे मात्र कॉलेजच ठरवणार. पोहणाऱ्या मुलाच्या नावाचा खटला, आणि त्याची झळ सगळ्यात आधी पोहणाऱ्यांसारख्याच मुलांना. तरीही 'पैसे नाहीत' हे रडगाणं मला पटत नाही. पैसे नव्हते तेव्हाही फिशरच्या ७.६ कोटींची तजवीज झालीच की.

आणि हौशी खेळाचं पावित्र्य वगैरे कुणी काढलं, तर २०१९मध्ये उघड झालेलं प्रकरण आठवावं. रिक सिंगर नावाचा सल्लागार श्रीमंतांच्या मुलांना खोटे खेळाडू बनवून नामांकित विद्यापीठांत घुसवत होता. वॉटर पोलोच्या फोटोंवर चेहरे चिकटवले होते, आणि काही कोच लाच घेऊन त्यांना भरतीच्या यादीत टाकत होते. गरीब घरातल्या खेळाडूच्या बेगलवर पहारा होता तेव्हापासून चाललेली ही गोष्ट.

हल्ली भरतीच्या टेबलावर कोचबरोबर आकडेही येतात. फ्लोरिडा विद्यापीठाच्या पाठीराख्यांनी जेडन रशाडा या शाळकरी क्वार्टरबॅकला १ कोटी ३८ लाख ५० हजार डॉलर देऊ केल्याचं त्याच्या दाव्यात म्हटलं आहे. पैसे आले नाहीत, तो दुसरीकडे गेला आणि २०२४मध्ये त्याने थेट फ्लोरिडाच्या कोचवर खटला भरला. लाइनमन मला अधूनमधून त्याच्या शाळेतल्या मुलांना आलेले कागद वाचून दाखवतो, त्यातले टक्के समजावून सांग म्हणतो. सगळ्यात जास्त वेळ जातो तो 'लवकर सोडून गेलास तर इतके परत कर' या कलमावर. कोच लोकांच्या करारांतलं हे कलम आता पोरांच्या करारात आलं आहे. मी टक्के समजावते आणि सांगते, वकील गाठा. तो म्हणतो, सतरा वर्षांच्या पोराकडे वकील कुठून येणार? एजंट म्हणवणारे बरेच आहेत. अनेक राज्यांत त्यांना परवाना लागतो म्हणे, पण तो बघतो कोण.

पोरांना पैसे मिळायला लागले याचा मला आनंदच आहे. 'कॉलेजचा खेळ बाटला' म्हणणाऱ्यांत मी नाही. माझी तक्रार वेगळीच आहे. कॉलेजच्या वाट्याची ती मर्यादा कशी काढली? मोठ्या लीगमधल्या कॉलेजांचं टीव्ही, तिकिटं, प्रायोजक अशा ठरावीक बाबींचं सरासरी उत्पन्न घ्यायचं आणि त्याच्या २२ टक्के. एनएफएल या व्यावसायिक फुटबॉल लीगमध्ये खेळाडूंचा वाटा ४८ टक्क्यांच्या आसपास आहे, बास्केटबॉलच्या एनबीएमध्ये निम्म्याच्या आसपास. तिथे तो आकडा खेळाडूंच्या युनियनने मालकांसमोर बसून, कधी संपाची धमकी देऊन, मिळवला. इथला २२ कोर्टातल्या वकिलांनी ठरवला. खेळाडूंना फक्त पत्रं गेली, की हरकत असेल तर कळवा. पुढच्या दहा वर्षांत जे अठराचे होतील त्यांतले काही तर आज प्राथमिक शाळेत आहेत, त्यांनाही हाच आकडा लागू. कुठल्याही पाहणीत नमुन्यात ज्यांना घेतलंच नाही त्यांच्याविषयी निष्कर्ष काढला, तर मी तो पेपर परत पाठवते.

डार्टमथ विद्यापीठाच्या पुरुष बास्केटबॉल संघाने २०२४च्या मार्चमध्ये युनियनच्या बाजूने मतदान केलं. या वेळी मतं मोजली गेली, तेरा विरुद्ध दोन. विद्यापीठाने बोलणी करायला नकार दिला. वर्ष संपताना, वॉशिंग्टनमधलं सरकार बदलून वारं फिरणार हे दिसल्यावर, युनियनने स्वतःच अर्ज मागे घेतला, म्हणजे श्रम संबंध मंडळाकडून कायमचा उलटा निकाल यायला नको. फिलाडेल्फियाच्या अपील कोर्टाने त्याच वर्षी म्हटलंय, की कॉलेज खेळाडू हौशी आहेत एवढ्यावरून ते कर्मचारी नाहीत असं ठरत नाही. तो खटला अजून संपलेला नाही. दरम्यान कॉलेजे आणि एनसीएए वॉशिंग्टनला चकरा मारताहेत, की खेळाडूंना कर्मचारी म्हणता येणार नाही असा कायदाच करा.